डॉ. अनिता अवचट : मुक्तीचे अंगण उभारणारी डॉक्टर

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी आपण लुर्ड्समातेचा सण साजरा करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून घोषित केला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. आपल्या धर्मग्रामांतही त्या दिवशी आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण केली जाते, वृद्धांना व रुग्णांना तैलाभ्यंग दिला जातो. मात्र त्या रांगेत एक आजारी माणूस सहसा दिसत नाही. तो दारूच्या आहारी गेलेला असतो. त्याला आपण आजारी समजत नाही आणि तोही स्वतःला आजारी समजत नाही. घरची माणसे त्याला त्या दिवशी मागच्या खोलीत निजवून चर्चला येतात.

या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १० फेब्रुवारी रोजी, डॉ. अनिता अवचट यांची पुण्यतिथी असते. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्या आपल्या धर्मसभेच्या सदस्य नव्हत्या. तथापि व्यसनी माणसाला रुग्णाच्या रांगेत सन्मानाने आणून बसविण्याचे जे कार्य त्यांनी महाराष्ट्रात केले, ते आपल्या प्रत्येक धर्मग्रामाने अभ्यासावे असे आहे. म्हणून यंदाच्या रुग्णदिनाच्या निमित्ताने त्यांची जीवनकथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यामागे आणखी एक कारण आहे. काही काळापूर्वी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी येथे जाण्याचा योग आला. सायंप्रार्थना आटोपल्यावर अंगणात माणसे बसली होती. त्यांतील एका मातेने आम्हांस बाजूला बोलावून एक प्रश्न विचारला. तिचा पती अनेक वर्षे पीत होता. त्याचे काय व्हायचे ते होईल, हे तिने मनोमन स्वीकारले होते. तिला चिंता होती ती चौदा वर्षांच्या मुलाची. तो अजून प्यायला लागलेला नव्हता. त्याने पिऊ नये म्हणून आजच काही करता येईल का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. आम्ही प्रार्थनेचे आश्वासन दिले, मुलाला शाळेत नियमित पाठविण्यास सांगितले आणि निघालो. वाटेत आमच्या ध्यानी आले की, तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. सेमिनरीत आम्ही पुष्कळ शिकलो होतो, पण हे शिकलो नव्हतो. डॉ. अनिता अवचट यांच्या जीवनाकडे आम्ही वळलो ते त्या मातेमुळे.

घडण

अनिताताईंचे माहेरचे नाव सुनंदा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत असताना ओतूरहून आलेल्या अनिल अवचट या विद्यार्थ्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. साठोत्तरी काळातील महाराष्ट्रात तरुण पिढी अस्वस्थ होती. दुष्काळ, जातिभेद व गरिबी यांविरुद्ध काहीतरी केले पाहिजे ही ऊर्मी अनेकांच्या मनात होती. अनिल अवचट त्या प्रवाहात ओढले गेले. १९६९ साली बिहारमधील अनुभवांवर त्यांचे पूर्णिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हळूहळू त्यांनी डॉक्टरी सोडून लेखन व समाजकार्य हाच आपला मार्ग ठरविला.

अशा वेळी घर कोणी चालवायचे हा प्रश्न उभा राहतो. अवचटांच्या घरी तो भार अनिताताईंनी आनंदाने उचलला. त्यांनी नोकरी करावी व पतीने मनासारखे लिहावे, गरजा कमी ठेवाव्यात, असे उभयतांनी ठरविले. मुक्ता व यशोदा या दोन मुलींच्या संगोपनात वडिलांचा वाटा मोठा राहिला. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात ही मांडणी नवी होती. त्यासाठी कोणतीही घोषणा न करता अनिताताईंनी ती जगून दाखविली. पुढे मुक्तांगणात त्यांनी जे केले त्याचे मूळ आम्हांस याच घरात दिसते. माणसाला बदलण्यासाठी त्याला दटावण्याऐवजी त्याच्या भोवतीची घडी बदलावी, ही त्यांची रीत होती.

येरवड्याच्या भिंतींआड

अनिताताई मनोविकारतज्ज्ञ झाल्या आणि पुण्याच्या येरवडा येथील शासकीय मनोरुग्णालयात काम करू लागल्या. हे राज्यातील फार मोठे मनोरुग्णालय होय. त्या काळी देशात मनोरुग्णांसाठी १९१२ सालचा वेड्यांसंबंधीचा इंग्रजी अमदानीतील कायदाच लागू होता. नवा कायदा १९८७ साली संमत झाला आणि प्रत्यक्ष अंमलात यायला १९९३ साल उजाडले. म्हणजे अनिताताई ज्या व्यवस्थेत काम करीत होत्या, तिचा पाया माणसाला बरे करण्यापेक्षा त्याला इतरांपासून दूर ठेवण्याच्या कल्पनेवर घातलेला होता. उंच भिंती, कुलपे आणि भेटीस न येणारे नातेवाईक हे तेथील नित्याचे चित्र होते.

मनाचा आजार भिंतीआड ठेवण्याची ही रीत सर्वत्र सारखी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. बेल्जियम देशातील गेल या गावी संत डिंफना हिच्या देवळात मनोरुग्णांना आणण्याची प्रथा मध्ययुगापासून होती. यात्रेकरूंची संख्या वाढली तसे गावातील कुटुंबांनी त्या रुग्णांना आपल्या घरी ठेवून घेण्यास आरंभ केला. रुग्ण त्यांच्याबरोबर जेवत, शेतात काम करीत, मुलांना खेळवीत. शेकडो वर्षे ही परंपरा टिकली आहे. आज तज्ज्ञ ज्याला समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवा म्हणतात, तिचा एक जुना नमुना असा श्रद्धेच्या अंगणात उभा राहिला. आपल्या देशात मात्र राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आखला गेला आणि तो जिल्हा पातळीवर नेण्याचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. या दोन सालांच्या मधल्या काळात अनिताताईंचे मुख्य कार्य उभे राहिले.

गर्दचे संकट

१९८०च्या दशकाच्या मध्यास मुंबई व पुण्यात एका नव्या व्यसनाने थैमान घातले. हेरॉइनचा हा अशुद्ध व स्वस्त प्रकार ब्राउन शुगर किंवा गर्द या नावाने ओळखला जाई. पन्नीवर भुकटी ठेवून खालून काडी लावायची व धूर ओढायचा, अशी त्याची पद्धत. महाविद्यालयातील तरुण, रिक्षाचालक, कामगार, श्रीमंत घरांतील मुले असे सर्व थरांतले लोक त्यात सापडले. गर्द मिळाली नाही की अंग ठणकू लागते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात कळा येतात, झोप उडते. या अवस्थेला व्यसनी मुले टर्की म्हणत. त्या यातना टाळण्यासाठी मुले घरातील भांडी विकत, आईच्या अंगावरील दागिने चोरत. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा १९८५ साली आला. परंतु कायद्याला गुन्हेगार दिसत होता, त्याच्यातला रुग्ण दिसत नव्हता. आईबापांनी मुलाला न्यायचे कोठे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

अनिल अवचट यांनी या विषयाचा शोध घेऊन लेखमाला लिहिली. ती पुढे गर्द या नावाने पुस्तकरूपाने आली. ही लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अत्यंत व्यथित झाले. केवळ हळहळून न थांबता त्यांनी अवचट दांपत्याशी संपर्क साधला आणि व्यसनमुक्तीचे केंद्र उभे राहावे म्हणून आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

येथे जबाबदारी येऊन पडली ती अनिताताईंवर. लेखकाने प्रश्न मांडला होता, दात्याने पैसा दिला होता. आता केंद्र चालवायचे कसे, ते ठरविणे डॉक्टरांच्या हाती होते. अनिताताईंनी ते आव्हान स्वीकारले. मनोरुग्णालयाच्या आवारातील एका इमारतीत, शासनाच्या सहकार्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

कुलपाऐवजी सोबत

अनिताताईंपुढे दोन वाटा होत्या. व्यसनी मनुष्य पळून जाणार, खोटे बोलणार, चोरून माल आणणार, हे गृहीत धरून पहारे बसवायचे, ही एक वाट. दुसरी वाट अधिक कठीण होती. तो मनुष्य आजारी आहे आणि बरे होण्याची इच्छा त्याच्या मनात कोठेतरी शिल्लक आहे, असे गृहीत धरून केंद्राची रचना करायची. अनिताताईंनी दुसरी वाट निवडली. मारहाण नाही, अपमान नाही, शिक्षा नाही. रुग्ण स्वतः केर काढतील, कामे वाटून घेतील, सकाळी योगासने करतील, गटात बसून आपली कहाणी एकमेकांना सांगतील. साधारण पाच आठवड्यांचा हा निवासी उपचारक्रम होता. आरंभी शरीरातील विष उतरविण्यासाठी औषधे दिली जात. त्यानंतरचा काळ मनाच्या उभारणीसाठी असे.

शरीरावरचे उपचार थोड्या दिवसांत आटोपतात, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फार पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार घडू शकतात व जिवावरही बेतू शकते. म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. पण ते दिवस उलटले की खरी लढाई सुरू होते. मनुष्य घरी परततो. तेच घर, तेच मित्र, तोच नाका, तेच कर्ज त्याची वाट पाहत असते. म्हणून अनेकजण पुन्हा पितात. अनिताताईंनी हे घसरणे आजाराचाच भाग मानले. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून डॉक्टर त्याला हाकलून देत नाहीत, तसेच पुन्हा प्यायलेल्या माणसालाही दार बंद करायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. मात्र दार उघडे ठेवणे म्हणजे डोळेझाक करणे नव्हे. पुन्हा आलेल्या रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून गटात बसावे लागे आणि कोठे पाऊल चुकले ते सर्वांपुढे सांगावे लागे.

जे रुग्ण बरे झाले त्यांतील अनेकांना त्यांनी केंद्रातच कामास घेतले. काही समुपदेशक झाले, काही व्यवस्था पाहू लागले. ज्याने ती आग अंगावर झेलली आहे, त्याचे बोलणे नव्याने आलेला रुग्ण ऐकतो, हे त्यांनी ओळखले होते. हाच विचार १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीच्या मुळाशी आहे. त्या चळवळीच्या आरंभकाळात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने संत थॉमस रुग्णालयात मद्यपींना रुग्ण म्हणून खाट मिळवून दिली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. आपल्या महाराष्ट्रातही फादर ज्यो परेरा यांनी वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली कृपा फाउंडेशनची स्थापना केली. म्हणजे गर्दची लाट येण्यापूर्वीच आपल्या एका धर्मगुरूने हे कार्य हाती घेतले होते. कृपा व मुक्तांगण या संस्था वेगवेगळ्या, पण त्यांची श्रद्धा एकच आहे : व्यसनी माणसाला एकट्याने सुटता येत नाही, त्याला सोबत लागते.

सहचरी

अनिताताईंच्या कार्यातील आम्हांस सर्वाधिक भावणारा भाग त्यांनी रुग्णांच्या पत्नींसाठी केला. पती केंद्रात दाखल झाला की घरी थोडी शांतता येते. पण ती स्त्री अनेक वर्षे एका वेगळ्याच आजारात जगत असते. तो आज पिऊन येईल की न पिता, या एकाच विचाराभोवती तिचा दिवस फिरतो. शेजाऱ्यांपासून ती त्याचे पिणे लपविते. कामावर त्याला ताप आल्याचा निरोप देते. त्याची उधारी फेडते. मुलांवर विनाकारण ओरडते आणि रात्री स्वतःलाच दोष देते. तिच्या या धडपडीने घर कसेबसे तरते, पण त्याच धडपडीमुळे पतीला आपल्या पिण्याचे परिणाम दिसत नाहीत.

ही गाठ ओळखून अनिताताईंनी सहचरी नावाचा गट सुरू केला. त्यात रुग्णांच्या पत्नी एकत्र जमत. पतीचे व्यसन हा आपला दोष नाही, हे तेथे त्यांना प्रथमच उमजे. खोटे निरोप देणे कसे थांबवावे, मुलांशी खरे कसे बोलावे, मारहाण झाली तर कोणाकडे जावे, स्वतःच्या पायावर कसे उभे राहावे, याची चर्चा होई. एकीची गोष्ट ऐकताना दुसरीला आपलीच गोष्ट ऐकल्याचा भास होई. वर्षानुवर्षे मनात कोंडलेली लाज अशा वेळी ओसरते.

प्रतिबंधाच्या दृष्टीनेही या गटाचे महत्त्व मोठे आहे. व्यसनी पित्याच्या घरात वाढणारे मूल इतर मुलांपेक्षा अधिक धोक्यात असते. त्याने भांडणे पाहिलेली असतात, भीती अनुभवलेली असते आणि दुःख आले की बाटलीकडे जायचे असते, हेही त्याने पाहिलेले असते. अशा मुलाला वाचविणारा एकतरी स्थिर आधार घरात लागतो. बहुधा तो आधार म्हणजे आई. आईचे मन सावरले तर मुलाचे भविष्य सावरण्याची शक्यता वाढते. पित्यावर उपचार, मातेला आधार आणि त्यातून मुलाचे रक्षण, अशी ही साखळी आहे. ब्राह्मणपुरीच्या त्या मातेला द्यायच्या उत्तराचा पहिला भाग आम्हांस येथे सापडला. मुलासाठी काही करायचे तर आरंभ तिच्यापासून करावा लागेल.

अखेरचा काळ

दुसऱ्यांच्या वेदना वाहत असतानाच अनिताताईंना कर्करोगाने गाठले. आजाराची कल्पना असूनही त्यांनी काम सोडले नाही. उपचार चालू असताना त्या मुक्तांगणात येत राहिल्या, रुग्णांशी व त्यांच्या पत्नींशी बोलत राहिल्या. व्यसनाशी झगडणाऱ्या माणसांना आता आपली डॉक्टरही झगडताना दिसत होती. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

एका व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्था त्या व्यक्तीबरोबर संपतात, असा आपल्याकडील अनुभव आहे. मुक्तांगणाचे तसे झाले नाही. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन ही धुरा सांभाळली. संस्थेची स्वतःची वास्तू येरवडा भागात उभी राहिली. स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, गावोगावी पाठपुराव्याचे गट सुरू झाले, शाळा-महाविद्यालयांत जागृतीचे कार्यक्रम होऊ लागले. अनिल अवचट हे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन पावेपर्यंत या कार्याशी जोडलेले राहिले. अनिताताईंच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नावच संघर्ष सन्मान असे आहे. प्रतिकूल परिस्थितीशी झुंजणाऱ्या माणसांचा त्याद्वारे गौरव केला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आता पुन्हा ब्राह्मणपुरीकडे वळू. पुण्याचे केंद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मजुरी बुडवून पाच आठवडे तेथे राहणे ऊसतोडणी कामगारास किंवा शेतमजुरास सहज शक्य नाही. मग अनिताताईंच्या जीवनापासून त्या गावाने काय घ्यावे?

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, या परिसराला व्यसनमुक्तीची शिकवण नवी नाही. शेजारच्या तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज या आदिवासी संताने १९३७-३८ च्या सुमारास आपल्या बांधवांना दारू सोडण्याचे आवाहन केले. दर आठवड्यास आरतीसाठी सातपुड्यातील पाड्यापाड्यांतून लोक जमत आणि सर्वांसमक्ष दारू सोडण्याचा निश्चय करीत. १९३८ साली महाराजांचे निधन झाले, तरी त्यांचा पंथ टिकून राहिला. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी शहादा तालुक्यात जमीन व मजुरीसाठी आदिवासींचा लढा उभा राहिला. त्यात अंबरसिंग महाराज यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच लढ्यातून तेथील स्त्रिया दारूविरुद्ध उठल्या आणि त्यांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या व मडकी फोडली. अर्धपोटी मजुराची कमाई दारूत जाते व घरी मार मिळतो, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने सांगावे लागले नाही.

गुलाम महाराजांची साप्ताहिक आरती आणि अनिताताईंची सहचरी यांत वरवर काहीच साम्य नाही. पण नीट पाहिले तर दोन्हींचे सूत्र एकच आहे. ठरलेल्या दिवशी माणसे जमतात, सर्वांसमक्ष निश्चय करतात, न आलेल्याची चौकशी करतात आणि कोणाची मान खाली जाणार नाही अशा रीतीने त्याला परत आणतात. याला मोठी इमारत लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आकड्यांवरून कळते. २०१९ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांपर्यंत कोणतेही केंद्र पोहोचलेले नाही. त्यांच्यापर्यंत शेजारीच पोहोचू शकतो, लहान ख्रिस्ती समूह पोहोचू शकतो, आशाताई पोहोचू शकते.

म्हणून आम्ही काही गोष्टी नम्रपणे सुचवितो. प्रत्येक धर्मग्रामात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, व्यसनाने ग्रासलेल्या कुटुंबांतील स्त्रियांची बैठक व्हावी. तिचे संयोजन स्त्रियांनीच करावे. तेथे ऐकलेले बाहेर जाऊ नये, हा नियम काटेकोरपणे पाळावा. ज्या गावात सर्वधर्मीय लोक एकत्र राहतात तेथे ही बैठक सर्वांना खुली असावी, कारण दारू धर्म विचारून घरात शिरत नाही.

मुलांसाठी वेगळा विचार हवा. पहिला घोट जितका उशिरा घेतला जाईल तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका कमी, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून बारा ते सोळा या वयोगटाकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. दारू वाईट असते असे प्रवचन त्यांना पुरत नाही. मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, याचा सराव त्यांना नाट्यप्रवेशातून देता येतो. राग आला, परीक्षेत अपयश आले, वडिलांनी आईला मारले, तर कोणाजवळ बोलायचे, अशी एक मोठी व्यक्ती प्रत्येक मुलाला ठाऊक असली पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सहज घडू शकेल. संध्याकाळी खेळाचे मैदान उजळलेले असेल तर नाक्यावरची गर्दी कमी होते, हेही विसरू नये.

मोठ्यांनाही आपल्या सणसमारंभांकडे पाहावे लागेल. मोहाच्या दारूला आदिवासी परंपरेत स्थान आहे, तसेच ख्रिस्ती घरांत लग्न, नामकरण व नाताळ या प्रसंगी मद्य देण्याची चाल आहे. परंपरेचा अनादर न करता एवढे तर ठरविता येईल की, अल्पवयीनांच्या हाती पेला जाणार नाही आणि जो सोडण्याचा प्रयत्न करीत आहे त्याला कोणी आग्रह करणार नाही. आम्ही धर्मगुरूंनीही अशा पंगतीत बसताना आपल्यापुढे काय वाढले जाते याचा विचार करावा. चौदा वर्षांची मुले आमच्याकडेही पाहत असतात.

ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांना मार्ग ठाऊक हवा. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत सेवा दिली जाते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या कोणत्याही त्रासाविषयी विनामूल्य बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर कायमचे लिहिले जावेत. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद आपल्या राज्यात आहे आणि आडवी बाटली हे तिचे चिन्ह अनेक गावांत विजयी झाले आहे. तथापि दुकान बंद झाल्यावरही पिणारा माणूस उरतोच. बाटली आडवी झाली, तरी माणसाला उभे करण्याचे काम शिल्लक राहते. अनिताताईंनी तेच काम केले.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण वारंवार ऐकतो. त्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या आणि त्याला उतारशाळेत नेले. तो मनुष्य त्या रस्त्याने एकटा का चालला होता, दारू पिऊन तर नव्हता, असा प्रश्न त्याने विचारला नाही. डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या भिंतींआड अशीच एक उतारशाळा उघडली आणि पुढे असेही दाखवून दिले की, ज्याच्या जखमा बांधल्या तोच उद्या दुसऱ्याच्या जखमा बांधू शकतो.

ब्राह्मणपुरीच्या त्या मातेकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी प्रार्थनेबरोबर एक प्रस्तावही असेल. तिने आपल्यासारख्या आणखी तीनचार जणींना बोलवावे, आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तिच्याच अंगणात पहिली बैठक घ्यावी. तिच्या मुलाचे काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. पण तो ज्या घरात वाढतो आहे, तेथे त्याची आई यापुढे एकटी असणार नाही, एवढे आपण सर्वांनी मिळून करू शकतो. येत्या रुग्णदिनी तैलाभ्यंगाच्या रांगेत मागच्या खोलीतला तो आजारी माणूसही येऊन उभा राहावा आणि त्याला जागा करून देण्याचे सौजन्य आपल्या ठायी असावे, हीच लुर्ड्समातेच्या चरणी प्रार्थना.